डोके-मानेच्या रेडिओथेरपीनंतर उशिरा होणारी नसांची हानी : या चुका टाळा

तोंड, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी सहसा ६६ ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका किरणोत्सार साडेसहा ते सात आठवड्यांत विभागून दिला जातो. इंदूरच्या घरांमध्ये ज्याला सर्रास ‘सिकाई’ म्हणतात, ते हेच उपचार. पाच वर्षे निर्विघ्न गेली की रुग्ण आणि घरचे दोघेही निश्चिंत होतात, आणि नेमकी येथेच पहिली चूक होते. किरणांनी दुखावलेल्या ऊतींमध्ये तंतुमय कडकपणा हळूहळू वाढत जातो, नसांना (म्हणजे मज्जातंतूंना) होणारा रक्तपुरवठा कमी होतो, आणि जीभ, घसा, स्वरयंत्र व खांदा यांच्या नसा कित्येक वर्षांनी, प्रसंगी दहा वर्षांनंतरही, दुबळ्या होऊ शकतात.

त्यामुळे बोलणे अडखळू लागले, जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळू लागली, आवाज बसला, खांदा उतरला किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर ‘काकांचे आता वय झाले’ किंवा ‘मानेचे मणके झिजले असतील’ असे घरीच ठरवू नये. हीच लक्षणे कर्करोग परत आल्यामुळेही दिसू शकतात. म्हणून सारा दोष जुन्या किरणांवर टाकणे तितकेच धोक्याचे आहे. दुर्बिणीने तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय करून आधी ती शक्यता दूर करावी लागते. उपचारानंतरच्या काही महिन्यांत मान वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका जाणवणे मात्र बहुधा आपोआप थांबते. तरीही डॉक्टरांना ते सांगावे.

सर्वांत घातक चूक गिळण्याबाबत होते. ठसका लागत नाही, म्हणजे अन्न नीट उतरते आहे, असे समजले जाते. नसांबरोबर घशाची संवेदनाही बोथट झालेली असेल, तर पाणी किंवा अन्नाचे कण श्वासनलिकेत जातात आणि रुग्णाला खोकलाही येत नाही. सकाळच्या पोह्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागणे, त्यावरची शेव घशाशी अडकणे, जेवणानंतर आवाज ओलसर येणे, वजन घटणे, वारंवार ताप किंवा न्यूमोनिया होणे, या खुणा पुरेशा बोलक्या आहेत. अशा वेळी बेरियम पाजून हलत्या एक्स-रेवर गिळण्याची क्रिया पाहण्याची, किंवा नाकातून दुर्बीण घालून करण्याची तपासणी आग्रहाने मागावी. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती सर्वांनाच लागू पडत नाही. कोणती स्थिती आणि किती घट्ट अन्न सुरक्षित, हे गिळण्याच्या उपचारांतील तज्ज्ञाने तपासणी पाहून ठरवावे. आणि भीतीपोटी तोंडाने खाणे पूर्ण बंद करू नये, कारण न वापरलेले स्नायू आणखी क्षीण होतात. नळीने आहार सुरू असला, तरी तज्ज्ञाच्या परवानगीने थोडे गिळणे चालू ठेवणे हिताचे असते.

नसांची ताकद वाढवण्यासाठी म्हणून बी-१२ची इंजेक्शने घेत राहणे ही आणखी एक रूढ सवय आहे. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, आणि साखर व थायरॉइडही तपासावे, कारण मानेवरील किरणांनंतर थायरॉइड मंदावणे सामान्य आहे. परंतु तंतुमय झालेली ऊती या इंजेक्शनांनी मोकळी होत नाही. वेदनेसाठी प्रीगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी औषधे डॉक्टर देऊ शकतात, ती स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. बधिर मानेवर गरम पिशवी ठेवू नये, चटका बसल्याचे कळत नाही. मान जोराने रगडून किंवा झटका देऊन ‘मोकळी’ करून घेणेही टाळावे, कारण किरणांमुळे मानेतील रोहिणी (मेंदूकडे रक्त नेणारी धमनी) अरुंद झालेली असू शकते. खांद्यासाठी फिजिओथेरपी मात्र लवकर सुरू करावी.

इंदूरचे अनेक रुग्ण मुंबईला उपचार घेतात आणि पुढची देखरेख गावातच होते. किरणांची एकूण मात्रा, त्यांचे क्षेत्र आणि तारखा लिहिलेला सारांश जवळ नसेल, तर नव्या डॉक्टरांना निदान करणे कठीण जाते. तो सारांश आजच मागवावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्यालाही दाखवावा, कारण किरण घेतलेल्या जबड्याची जखम सहजी भरत नाही.