सावरगावच्या द्राक्षमळ्यांकडे निघण्याआधी

नाशिकजवळच्या या मळ्यांत वाईन चाखायला जायचं तर आधी महिना ठरवा, हॉटेल मागाहून. आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमध्ये, पावसाळी सहलीच्या हौसेने. वेली हिरव्यागार, आणि अख्ख्या मळ्यात एक मणी नाही! नाशकात छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी नुसती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या फळछाटणीचे घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. तेव्हा फेब्रुवारी धरा. २६ जानेवारीची जोडून सुट्टी दिसली की मुंबईकराचे हात शिवशिवतात, पण त्या दिवशी ड्राय डे असतो.

दादरहून सकाळची तपोवन पकडायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा की नाशिक रोड स्टेशन एका टोकाला आणि गंगापूर, गोवर्धन, सावरगाव ही गावं दुसऱ्या टोकाला. पुढच्या गाडीचं आधीच बघा. स्वतःची गाडी असेल तर जून २०२५पासून भिवंडीजवळच्या आमण्याहून थेट समृद्धी महामार्गाने इगतपुरी गाठता येते, कसारा घाट टळतो. मात्र परतीला स्टिअरिंगवर कोण, हे घरीच ठरवा. आमच्यात हा मान मेहुण्यांचा. त्यांना अ‍ॅसिडिटी आहे.

स्वेटर घ्या. हसू नका, दिवसा ऊन चटकतं आणि सूर्य बुडाला की गंगापूर धरणावरच्या वाऱ्याने दात वाजतात. रात्रीचा हाच गारवा द्राक्षाला मानवतो, त्याने मण्यातला आंबटपणा टिकतो. पायात बूट हवेत, ठिबकच्या नळ्यांत चपला अडकतात.

जाताना थोडी माहिती गाठीला असू द्या, नाहीतर टूरमध्ये नुसत्या स्टीलच्या टाक्या बघून याल. या भागातल्या खाण्याच्या द्राक्षांचं मूळ ओझरला. १९२५च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी तिथे सुरुवात केली. वाईन त्यामानाने कालची. नारायणगावला ऐंशीच्या दशकात फेसाळती वाईन बनू लागली होती, पण गंगापूरकडे लोकांची पावलं वळली ती अमेरिकेहून परतलेल्या राजीव सामंतांच्या सुला वायनरीमुळे. त्यांची पहिली बाटली २००० सालची. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि आजूबाजूला वायनरी उभ्या राहिल्या.

मळ्यात घड दिसला की तोडायचा नाही, मुलांना आधीच बजावून ठेवा. फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं. कुणी स्वतःहून मणी दिला तर जरूर खा. शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा मणी जेमतेम वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि गोडीला आपल्या बाजारातल्या थॉमसनपेक्षा चढ. माझ्या आईने बिया हातावर काढून पाहिल्या आणि म्हणाली, ‘एवढ्याशा फळाला एवढा थाट!’

उपाशीपोटी चाखायला बसू नका, आधी मिसळ हाणा. पण मिसळ आणि वाईन यांत तासाभराचं अंतर ठेवा, तिखटाने जीभ बधिरली की चेनिन ब्लांकसारखी पांढरी वाईन काय नि लिंबूपाणी काय! मधल्या वेळेत सोमेश्वरचं देऊळ आणि धबधबा होतो, पाणी मात्र पावसाळ्यातच खरं. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

आणि दोन जुने टॉवेल घ्या. बाटल्या त्यात गुंडाळून सीटखाली आडव्या ठेवायच्या, डिकीत नाही. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये डिकीचा तंदूर होतो.