‘क्रेव्ह’, ‘लाँग’, ‘कव्हेट’: या चुका टाळा

लातूरला माझ्या शिकवणीला परभणी, बीड, नांदेडची लेकरं येतात. इंग्रजी निबंधात ती सगळीकडं एकच शब्द लिहितात, ‘डिझायर’. तलफ, ओढ, आस, हाव हे शब्द रोज तोंडात असतात. लिहायला बसलं की सगळ्यांची ‘इच्छा’ होते. चूक तिथंच सुरू होते.

तलफ म्हणजे ‘क्रेव्ह’. चहा मिळाला नाही की डोकं धरतं, थंडी पडली की हुरडा आठवतो, ती ही. पोरं लिहितात, ‘आय क्रेव्ह फॉर टी’. ‘चहाची तलफ’मधला ‘ची’ इंग्रजीतही सोबत येतो! काही शब्दकोशांत हा ‘फॉर’ सापडतो, पण ‘आय क्रेव्ह टी’ हेच रुळलेलं. ‘फॉर’ लागतो तो नामाला: ‘अ क्रेव्हिंग फॉर टी’. डोहाळ्यांनाही हेच नाम, अनेकवचनात. ‘डिझायर’चंही तसंच, नामाला ‘फॉर’, क्रियापदाला नाही. फरक एवढाच की ‘आयम क्रेव्हिंग टी’ चालतं, ‘आयम डिझायरिंग’ चालत नाही.

ओढीसाठी ‘लाँग’. इथं मात्र ‘फॉर’ किंवा ‘टू’ हवाच. वसतिगृहात पहिल्यांदा राहणाऱ्या पोरीबद्दल ‘शी लाँग्ज फॉर होम’ किंवा ‘शी लाँग्ज टू गो होम’ लिहा. ‘शी इज लाँग फॉर होम’ मी दरवर्षी खोडतो. ‘लांब’ हा अर्थ डोक्यात पक्का बसलेला असतो. गंमत म्हणजे या क्रियापदाचं मूळही त्याच ‘लांब’मध्ये आहे. जून कोरडा गेल्यावर आभाळाकडं लागलेले डोळे मला ‘लाँग फॉर रेन’मध्येच दिसतात. ‘यर्न’ही चालेल, तो जरा जास्त व्याकूळ, पुस्तकी.

‘कव्हेट’ जपून वापरा. त्यात दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा असतो, म्हणून आईच्या आशीर्वादाला तो शोभत नाही. पण ‘कव्हेटेड’ हे विशेषण चांगल्या अर्थानं येतं: सगळ्यांना हवी असलेली मेडिकलची जागा ‘अ कव्हेटेड सीट’. ‘लस्ट आफ्टर’मध्ये वासना येते, समानार्थी शब्दांच्या यादीतून तो उचलू नका.

आणि नोकरीच्या अर्जात ‘आयम डाइंग टू जॉइन’ नको. ते मित्राशी बोलताना ठीक. अर्जाला ‘आय वुड लाइक टू जॉइन’ पुरेसं आहे.