दिवाळी अंक वेळेवर काढायचाय? या चुका टाळा

1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून दिवाळी अंकाच्या संपादकाची ओढाताण तीच आहे. अंक अजून सुधारता येतो, पण दिवाळी थांबत नाही. वसुबारस उलटून गेल्यावर आलेला अंक कितीही देखणा असो, वाचकाने तोवर दुसरे अंक घेतलेले असतात.

पहिली चूक वेळापत्रकातली. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे एकदम 8 नोव्हेंबरला. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा पुढे ओढू नका. पंचांग उघडा आणि वसुबारसेपासून मागे मोजत या. गणपतीत छापखान्यातली माणसं गावी जातात, ते दिवस कामाचे धरू नका.

सगळ्यात महागात पडतं ते प्रुफावर, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या पानांवर, संपादन करणं. कथेचा शेवट लांबलाय, हे लेखकाशी जून-जुलैत बोलायचं असतं. तेव्हा लेखक आनंदाने पुन्हा लिहून देतो. एका वर्षी मी शेवटच्या प्रुफात एका परिच्छेदात एकच वाक्य वाढवलं. मजकूर एका ओळीने खाली सरकला, कथेची शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली आणि छापलीच गेली नाही. अंक पोचल्यावर लेखिकेचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, माझ्या कथेला शेवटच नाहीये.” तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या प्रुफानंतर चुकीचं असेल ते बरोबर करायचं, बरं असेल ते आणखी चांगलं करायला जायचं नाही. फारच राहवलं नाही, तर ते पान शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा वाचायचं.

जिथे खरंच थांबायला हवं, तिथे मात्र घाई होते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’ दिलेला पगार ‘आचार्यांना’ मिळतो. फाइलमध्ये ‘र्य’ शोधा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बरोबरच असतात, त्यामुळे सरसकट बदल करता येत नाही. याला एक अख्खी दुपार लागते, ती द्या. लेखकांची नावं आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे छापील डमीवरच, म्हणजे अंकाच्या नमुना प्रतीवरच, ताडा.

एका नामवंताच्या लेखासाठी सगळा अंक अडवून ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. 16 पानी फर्मे, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायचे पानांचे गट, तयार होतील तसे छपाईला सोडा, उशिराचा लेख शेवटच्या फर्म्यात ठेवा. अनुक्रमणिका पहिल्या फर्म्यात असते, म्हणून तो मागे ठेवून सगळ्यांत शेवटी छापा. कबूल केलेली जाहिरात आली नाही, तर त्या मापाची कविता किंवा व्यंगचित्र आधीच तयार हवं.

आणि छापून झाल्यावर चूक दिसली तर? लेखकाचं नाव चुकलं असेल किंवा मजकूर गळला असेल, तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घाला, त्यासाठी एक दिवस गेला तरी चालेल. वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ झाली असेल, तर पुढच्या वर्षीच्या वहीत नोंदवा आणि गठ्ठे विक्रेत्याकडे जाऊ द्या.