मार्क कमी आहेत, एमबीएचा फॉर्म यंदा भरू का? या चुका टाळा

ऑगस्टमध्ये कॅटचे (आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचे) फॉर्म निघाले की माझा फोन सुरू होतो. "दादा, बारावीला चोपन्न टक्के आहेत. यंदा भरू की एक वर्ष थांबू?" माझे स्वतःचे छप्पन्न होते, वर इंजिनिअरिंगला दोन केट्या (नापास राहिलेले विषय). म्हणून मी हक्काचा माणूस.

थांबायला माझी ना नाही, पण थांबून काय बदलणार ते सांगा. बारावीची मार्कशीट पुढच्या वर्षीही तीच असणार. तुमच्या हातात तीनच गोष्टी उरतात: परीक्षेचा स्कोअर, नोकरीतलं काम आणि डिग्री अजून चालू असेल तर तिचे उरलेले सेमिस्टर. यातलं काहीच हलणार नसेल तर यंदाच भरा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे नोकरी सोडून ड्रॉप घेणं. आमच्या टीममधल्या एकाने दोन वर्षं नोकरी करून जूनमध्ये राजीनामा टाकला. "फुलटाइम अभ्यास करतो." अभ्यास कसला, दिवसभर टॉपरांचे व्हिडिओ! नोव्हेंबरातल्या कॅटला ९१ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ९१ जणांच्या पुढे. मग हट्टाने आणखी एक वर्ष, तेव्हा ९६. एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. समोरच्यांनी बारावीबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच, "गेलं दीड वर्ष काय करत होतात?" हा म्हणाला, "तयारी." पुढचे प्रश्न त्याला आठवतही नाहीत. कमी मार्कांवर उतारा म्हणून त्याच्याकडे एकच गोष्ट होती, नोकरीचा अनुभव, आणि नेमका तोच त्याने थांबवला.

मी काय केलं? सकाळी साडेपाच ते साडेसात अभ्यास, मग ऑफिस. रविवारी एक मॉक (सराव परीक्षा), आणि पुढचे दोन दिवस फक्त त्या मॉकची चिरफाड. आठवड्याला पाच मॉक देऊन एकही न तपासणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

दुसरी चूक: कॅटला ९९ पर्सेंटाइल पडले की सगळी दारं उघडतात असं समजणं. अहमदाबाद आणि बेंगळुरूचे आयआयएम मुलाखतीची यादी करतानाच दहावी, बारावी आणि पदवीचे मार्क मोजतात. प्रत्येक आयआयएमचे निकष साइटवर असतात. ते फॉर्म भरायच्या आधी वाचायचे, निकाल लागल्यावर नाही. याउलट आपल्या महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचं बघा. पदवीला ५० टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५) असले की पुढे कॅप राउंडची (राज्याच्या एकत्रित प्रवेश फेरीची) मेरिट सीईटीच्या स्कोअरवर लागते. मुंबईच्या जेबीआयएमएसच्या (जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटच्या) एमएमएसलाही, म्हणजे तिथल्या एमबीएसारख्या कोर्सलाही, या रस्त्याने जाताना बारावीचे चोपन्न कोणी विचारत नाही. पण पोरांना सीईटी म्हणजे 'बॅकअप' वाटते. मार्क कमी असलेल्याने ती आधी धरावी आणि कॅट सोबत द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटच्या वर्षात असताना केटी लपवून फॉर्म भरू नका. डिग्री वेळेत पूर्ण झाली नाही तर मिळालेला प्रवेशही जातो. आधी केटी काढा.

सीजीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) ९.५ ने गुणून टक्के भरू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. टक्के काढायची रीत तुमच्या विद्यापीठाची चालते. कागदपत्रं तपासताना दोन टक्क्यांचा फरक निघाला की आकडा फुगवल्यासारखा दिसतो.

मार्क का कमी पडले याचं दोन पानी रडगाणं नको. दोन ओळी पुरतात.

परदेशी जाणाऱ्यांची घाई वेगळीच. जीमॅट (परदेशी एमबीएची प्रवेश परीक्षा) झाली की लगेच, मिळेल त्या राउंडला (अर्जांच्या फेरीला) अर्ज! अरे, तो स्कोअर पाच वर्षं चालतो. तिसऱ्या राउंडपर्यंत बहुतेक जागा आणि स्कॉलरशिपचे पैसे वाटून झालेले असतात, त्यात मार्क कमी आणि व्हिसाची धावपळ. त्यापेक्षा उन्हाळाभर ऑफिसात एखादी जबाबदारी मागून घ्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या राउंडला जा. असं थांबणं मला चालतं.