पोरांच्या क्लासची फी भरताय? या चुका टाळा

शाळा सुटल्यावरचे क्लास आता कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कसबा बावडा सगळीकडं झालेत. कराटे, स्केटिंग, डान्स, अबॅकस, चेस, तबला, ड्रॉइंग, आता रोबोटिक्स पण. बोर्डावर महिन्याची फी असते, ती बघून आपण म्हणतो चला परवडतंय, आणि नाव घालून मोकळे होतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

महिन्याची फी बघू नका, वर्षाचा आकडा काढा. समजा कराटेची फी ८०० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ९,६०० झाले. त्यावर प्रवेश फी ५००, ड्रेस १,०००, वर्षात दोन बेल्टच्या परीक्षा प्रत्येकी ७०० धरल्या तर १,४००, आणि दोन स्पर्धांची एंट्री १,६००. झाले १४,१००. आता गाडीचं पेट्रोल धरा, ते कुणीच धरत नाही. क्लास घरापासून ४ किलोमीटर, आठवड्यातनं तीन दिवस, सोडून घरी यायचं आणि परत आणायला जायचं म्हणजे दिवसाला १६ किलोमीटर, वर्षाला साधारण २,४०० किलोमीटर. गाडी ४५ चा ॲव्हरेज देत असली तरी पेट्रोलचे साडेपाच हजार निघतात. एकूण जवळपास १९,६००, म्हणजे महिन्याला १,६०० च्या वर, बोर्डावरच्या आकड्याच्या दुप्पट! आणि हे एका पोराचं, एका क्लासचं. घरात दोन पोरं आणि प्रत्येकाचे दोन क्लास असतील तर तुम्हीच गुणून बघा.

म्हणून चौकशीला गेलात की सरांना किंवा मॅडमना सरळ विचारायचं, की फी सोडून वर्षभरात अजून काय काय भरायला लागतंय. डान्सला गॅदरिंगच्या ड्रेसचं भाडं आणि मेकअप, अबॅकसला प्रत्येक लेव्हलची वेगळी फी आणि किट, चेसला नोंदणी आणि स्पर्धांची एंट्री, बाहेरगावची स्पर्धा असली तर जाणं येणं राहणं वेगळं, आणि पोराबरोबर घरातलं कुणीतरी जाणार म्हणजे तिकिटं दोन. चांगले शिक्षक असतील तर ते हे सगळं सांगतात, लपवत नाहीत. जे टाळाटाळ करतात तिथं जरा थांबा.

दुसरी चूक म्हणजे वर्षाची फी एकदम भरणे. एकदम भरली की डिस्काउंट मिळतंय हे खरंय, पण पोरगं टिकणार का हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळतं, आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात. आपल्या कोल्हापुरात तर अजून एक कारण आहे, पाऊस. शाळेबरोबर जूनमध्ये क्रिकेट, फुटबॉल, स्केटिंगला नाव घातलं आणि मैदान उघडं असलं की जुलै-ऑगस्टचे किती दिवस चिखलात जातात बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर अर्ध्या शहराचे व्यवहारच बंद होते. मैदानी खेळाला पावसाळा संपल्यावर नाव घाला, नाहीतर पावसात बुडलेले दिवस भरून देणार का हे आधीच विचारून घ्या, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी बोलणं नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

सामान आधी घेऊ नका हो. पोराचा पाय वाढतोय आणि आपण पहिल्याच आठवड्यात भारीतले स्केट्स घेतो, वर्षात ते लहान होतात. पहिले काही दिवस क्लासमधलेच वापरू द्या, मग मोठ्या पोरांचे वापरलेले मिळतात का बघा. वाद्यांचं पण तसंच. मिरज आपल्यापासून तास-दीड तासावर, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन (ही वस्तू त्याच गावची खास, अशी सरकारी ओळख) मिळालंय, गावात पिढ्यानपिढ्या वाद्यं बनवणारी आणि दुरुस्त करणारी घरं आहेत. म्हणून नवीन घ्यायच्या आधी दुरुस्त केलेलं जुनं वाद्य कुठं मिळेल का हे गुरुजींनाच विचारा, आणि घ्यायला जाताना त्यांना किंवा एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर न्या.

आता ईएमआयवाले, म्हणजे हप्त्यावर कोर्स विकणारे. घरी येऊन डेमो देतात, पोराला टॅब दाखवतात आणि म्हणतात महिन्याला थोडेच भरायचेत, नो कॉस्ट ईएमआय आहे. नीट ऐका, ती फी नसते, ते तुमच्या नावावरचं कर्ज असतंय. पोरानं क्लास सोडला तरी हप्ता तुमच्या खात्यातनं कापला जाणार, आणि चुकला तर सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुमची पत, खराब होणार. सही किंवा ओटीपी द्यायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कर्जाच्या माहितीचा कागद मागा, त्यात कर्ज कुणाचं, व्याज किती, एकूण किती फेडायचे हे सगळं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्जात सुरुवातीला रद्द करायची एक मुदत द्यावी लागते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न देता बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी मात्र जाऊ शकते. ती मुदत किती दिवसांची हे त्याच कागदावर बघा. आणि डेमोच्या दिवशी काहीही भरू नका, कितीही म्हणाले आजच ऑफर आहे तरी.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या टॅक्स पद्धतीत मुलांच्या ट्यूशन फीची सूट असते ती शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची, खाजगी क्लासची नाही. क्लासच्या पावत्या ऑफिसात दिल्या तर उपयोग होत नाही. आणि कुणी फीवर १८ टक्के जीएसटी लावला तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागायचं. एकटे गाणं-नाच शिकवणारे शिक्षक किंवा नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचं खेळाचं प्रशिक्षण यांना सूट आहे, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरजच नसते. बिल नाही आणि जीएसटी मात्र घेतोय असं असेल तर प्रश्न विचारायलाच पाहिजे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की महागाची अकॅडमी शोधताना घराजवळचं काही बघितलंच जात नाही. पेठापेठांत तालमी आहेत, फुटबॉल तर इथल्या पोरांच्या रक्तात आहे, संध्याकाळी गांधी मैदानावर जाऊन बघा. गाण्यासाठी गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. वाचायची आवड असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. सरकारी क्रीडा संकुलातली प्रशिक्षणं आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, तिथं एकदा चौकशी करून तर या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्यानं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं, तो सरकारी क्रीडा प्रबोधिनीतनं, म्हणजे निवडलेल्या पोरांना खेळ शिकवणाऱ्या संस्थेतनं घडला. नेमबाजीसारखा खर्चिक खेळ सामान्य घरातलं पोरगं कसं परवडवणार? अशा योजनेशिवाय कठीणच. निवड चाचण्या असतात, त्यांची माहिती वेळेत काढणं एवढं आपल्या हातात आहे.

पैसे आधीच भरलेत आणि पोरगं जायला तयार नाही असं झालं असेल तर? आधी पोराशी बोला, फी हा विषय बाजूला ठेवून. कधी बॅच चुकीची असते, कधी कुणी त्रास देतंय, कधी संध्याकाळी सहाला पोरगं नुसतं दमलेलं असतं. बॅच बदलून बघा. नाहीच जमलं तर क्लासला विचारा की उरलेले महिने भावंडाच्या नावावर करता येतात का, किंवा काही महिने थांबवून पुढं धरता येतात का. बऱ्याच ठिकाणी पैसे परत देत नाहीत पण हे करतात. पैसे परत मागायचे असतील तर लेखी मागा, पावती आणि फॉर्म जपून ठेवा, फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा, आणि अगदीच दाद देत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आणि मध्येच घरचं गणित बिघडलं, नोकरी गेली, दवाखाना निघाला, तर लाजेनं पोराचं जाणं गुपचूप बंद करू नका. सरांना जाऊन सांगा की दोन महिने अडचण आहे. हप्ते पाडून देणारे, निम्मी फी घेणारे, कधी फी न घेता शिकवणारे शिक्षक या गावात आहेत, पण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं. पोराला पण त्याच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा, नाहीतर ते समजतंय की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून क्लास बंद झाला.