अमेरिकेच्या ग्रामीण भागात सरकारी हमीचे गृहकर्ज कसे घ्यावे

अमेरिकेत शहरांपासून दूरच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला घर घेताना पहिली अडचण येते ती सुरुवातीला भरायच्या रकमेची, म्हणजे डाउन पेमेंटची. ही रक्कम जवळ नसेल, तर १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम ५०२ नुसार अमेरिकेचे कृषी खाते, म्हणजेच यूएसडीए, जी हमी देते तिचा विचार आधी करावा. कर्ज बँक किंवा गृहकर्ज कंपनीच देते. ते बुडाल्यास तिच्या नुकसानीचा मोठा भाग सरकार सोसते, आणि म्हणूनच घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देण्यास ती तयार होते.

घरे बघत हिंडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे पत्ता. पात्रता संपूर्ण काउंटीला लागू नसते, ती जागेनुसार ठरते. एकाच काउंटीतील मुख्य गाव अपात्र आणि त्याच्या बाहेरची वस्ती पात्र असे सर्रास आढळते. यूएसडीएच्या संकेतस्थळावरील नकाशात घराचा नेमका पत्ता टाकला की लगेच उत्तर मिळते. उलट ‘ग्रामीण’ हा शब्द ऐकून शेतेच डोळ्यांसमोर आणण्याचेही कारण नाही, कारण शहरांच्या कडेची कित्येक लहान गावे या नकाशात बसतात.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची, आणि आपली कुटुंबे नेमकी येथे फसतात. कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात) ११५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा ढोबळ नियम आहे. काउंटी आणि कुटुंबातील माणसांची संख्या यांनुसार त्याचा आकडा बदलतो. मात्र ही मर्यादा पाहताना घरात राहणाऱ्या सर्व प्रौढांची मिळकत धरली जाते, मग त्यांचे नाव कर्जावर असो वा नसो. ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आलेले वडील एखाद्या दुकानात अर्धवेळ काम करत असतील, तर त्यांचा पगारही या बेरजेत येतो. कर्जफेडीची ऐपत ठरवताना मात्र फक्त अर्जदारांचेच उत्पन्न विचारात घेतात. हे दोन हिशेब वेगळे आहेत, हे कर्ज अधिकाऱ्याशी पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे. अवलंबून असलेली मुले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पाळणाघराचा खर्च यांसाठी वजावट मिळते. ती मागायला संकोचू नये.

नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असल्यास अर्जाला अडचण नसते. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना मात्र ही हमी मिळत नाही, आणि २५ मे २०२५ पासून एफएचएची, म्हणजे संघीय गृहनिर्माण प्रशासनाची, हमीही त्यांच्यासाठी बंद झाली आहे.

त्यानंतर पर्यायांचा खर्च ताडून पाहावा. अडीच लाख डॉलरच्या घरासाठी यूएसडीएची एकरकमी हमी फी १ टक्का, म्हणजे सुमारे २,५०० डॉलर होते, आणि ती कर्जातच मिळवता येते. वार्षिक फी ०.३५ टक्के, म्हणजे महिना साधारण ७३ डॉलर पडते. एफएचएमध्ये ५८० किंवा त्याहून अधिक क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या शिस्तीचे गुण) असल्यास ३.५ टक्के, म्हणजे ८,७५० डॉलर आधी भरावे लागतात, वर १.७५ टक्के एकरकमी विमा आणि बहुतेकांना ०.५५ टक्के वार्षिक विमा द्यावा लागतो. अर्जदारांपैकी कोणी अमेरिकेच्या सैन्यात सेवा केली असेल, तर व्हीएचे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या खात्याच्या हमीचे, कर्ज आधी पाहावे, कारण त्यात डाउन पेमेंट नाही आणि मासिक विमाही नाही. पत्ता आणि उत्पन्न बसत असेल, तर इतरांनी एफएचएपेक्षा यूएसडीएकडे वळावे, असे माझे मत आहे.

यानंतर हे कर्ज नियमितपणे करणारी संस्था शोधून पूर्वमंजुरी घ्यावी. सर्वच बँका ते करत नाहीत, आणि सवय नसलेला अधिकारी महिनाभर घोळ घालतो. पगाराच्या पावत्या, दोन वर्षांची करविवरणपत्रे, बँकेचे खाते-उतारे आणि ग्रीन कार्डाची प्रत तयार ठेवावी. क्रेडिट स्कोअर ६४० किंवा त्याहून अधिक असला, तर छाननी सहसा सोपी जाते.

घर निवडताना विहीर आणि सेप्टिक टाकी यांची चौकशी आवर्जून करावी. खासगी विहिरीच्या पाण्याची चाचणी व्हावी लागते, आणि टाकी निकामी निघाली तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे खरेदी करारातच लिहून घ्यावे. घरामागची मोठी जमीन पाहून शेतीची हौस उसळली, तरी उत्पन्न देणाऱ्या शेतासाठी हे कर्ज नाही. घरात स्वतः राहणे बंधनकारक आहे.

डाउन पेमेंट शून्य असले, तरी मूल्यांकन, मालकीहक्काचा विमा, आगाऊ कर अशा व्यवहार-खर्चासाठी हाताशी पैसे लागतातच. त्यातील काही भाग विक्रेत्याने द्यावा, अशी बोली करता येते. बँकेच्या मंजुरीनंतर कागदपत्रे यूएसडीएकडे जातात आणि तेथून सशर्त हमीपत्र आल्याखेरीज व्यवहार पूर्ण होत नाही. त्यामुळे करारातील ताबा घेण्याची तारीख एफएचएच्या व्यवहारापेक्षा थोडी पुढची ठेवावी, विशेषतः १ ऑक्टोबरच्या आसपास, जेव्हा नवे संघीय आर्थिक वर्ष सुरू होते आणि निधीची मंजुरी कधीकधी रखडते.