डेन्व्हरमध्ये पहिल्या बर्फाआधीची तयारी

डेन्व्हरला पहिला बर्फ सरासरीने ऑक्टोबरच्या मध्याला किंवा त्यानंतर पडतो, आणि त्या सरासरीवर विसंबणे हीच पहिली चूक आहे. २०२० साली ५ सप्टेंबरला येथे १०१ अंश फॅरनहाइट तापमान होते आणि ८ सप्टेंबरला बर्फ पडला. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला नुसते मैदान असल्यामुळे कॅनडातून निघालेल्या थंड हवेला वाटेत अडवणारे काहीच नाही.

म्हणून थंडीचा इशारा येताच सर्वांत आधी स्प्रिंकलरचा बॅकफ्लो रिकामा करावा. घराबाहेर भिंतीलगत उघड्यावर उभा असलेला हा पितळी भाग हिरवळीचे पाणी पिण्याच्या पाण्यात परत शिरू देत नाही. जमिनीखालच्या नळ्यांना मातीची ऊब मिळते, याला ती मिळत नाही, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी दुपारी ८३ अंश होते, दुसऱ्या दिवशी पारा २० च्याही खाली गेला. नळ्यांतील पाणी हवेच्या दाबाने काढून देणाऱ्यांची वेळ मी महिनाअखेरची घेतली होती आणि एका रात्रीने काय होणार, असे समजून बॅकफ्लोला फक्त टॉवेल गुंडाळला होता. ऊन पडून बर्फ वितळला तेव्हा पितळेवर केसाएवढी चीर दिसली आणि तिच्यातून उडणारी धार तळघराच्या खिडकीवर आदळत होती.

टॉवेल पुरत नाही, पाणीच काढावे लागते. तळघरातील स्प्रिंकलरचा वॉल्व्ह बंद करावा, त्याच्याजवळच्या निचऱ्याच्या तोटीखाली बादली ठेवून पाणी सोडावे, आणि मग बाहेर येऊन बॅकफ्लोचे दोन्ही दांडे व बाजूच्या लहान तोट्या ४५ अंशांवर तिरक्या ठेवाव्यात, कारण पूर्ण बंद केलेला वॉल्व्हदेखील पोटात थोडे पाणी धरून ठेवतो. हे काम दहा मिनिटांचे आहे. ते उद्यावर टाकू नये. बागेच्या नळाला लावलेला पाइपही त्याच वेळी काढावा.

झाडांवर अजून पाने असतात, त्यामुळे ओला बर्फ त्यांवर साचून फांद्या मोडतात. लांब दांड्याच्या झाडूने तो खालून वर हलकेच झटकावा, मात्र विजेच्या तारांजवळ जाऊ नये. टोमॅटो हिरवे असले तरी तोडून घ्यावेत. भारतातून आई-वडील आलेले असतील तर त्यांच्यासाठी गरम कपडे व घट्ट पकडीचे बूट आधीच आणावेत, कारण सप्टेंबरला निघताना त्यांनी सुती कपडेच घेतलेले असतात.

घर गरम करणारा फर्नेस एकदा चालवून पाहावा. डोंगरात जायचे असल्यास टायर तपासावेत. डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डोत्सेरो या टप्प्यात बर्फात पकड धरणाऱ्या टायरांचा नियम १ सप्टेंबरपासूनच लागू होतो. काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी गाडीत ठेवावी.

झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन बाहेर जावे आणि बॅकफ्लोचे दांडे तिरके आहेत ना, हे पुन्हा एकदा पाहावे.